जुन्या अमेरिकन विनोदी मालिका: नवख्यानं सुरुवात कुठून करावी

'फ्रेंड्स' दोनतीनदा पाहून झालेल्या, 'साइनफेल्ड' अर्ध्यावर सुटलेल्या आणि "याच्या आधीचं काहीतरी बघायचंय, पण सुरुवात कुठून करू?" असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

'सर्वोत्तम पन्नास मालिका' छापाच्या याद्यांना तोटा नाही. पण त्या हातात काय देतात? 'आय लव्ह ल्युसी'चे १८० भाग, 'मॅश'चे अडीचशेहून जास्त, 'चीअर्स'चे पावणेतीनशेच्या आसपास. माणूस पहिल्या सीझनच्या पहिल्या भागापासून इमानानं सुरू करतो आणि आठवडाभरात सोडून देतो. यात त्याचा दोष नाही. या मालिका आठवड्याला एक भाग या हिशोबानं लिहिलेल्या आहेत, आणि पहिल्या काही भागांत लेखक-नट दोघंही चाचपडत असतात.

म्हणून माझा सल्ला: आधी मालिका निवडण्यापेक्षा एक नट किंवा नटी निवडा आणि तिच्या मागोमाग जा. चाळीसेक वर्षं हीच मंडळी एका मालिकेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जात राहिली, त्यामुळे रस्ता आपोआप सापडतो. 'फ्रेंड्स'मधली रेचलची आई आठवते? ती मार्लो थॉमस. १९६६ ते १९७१ या काळात 'दॅट गर्ल'ची ती नायिका होती: नटी व्हायला न्यूयॉर्कमध्ये येऊन एकटी राहणारी तरुणी. रेचलची गोष्ट पाहिलेल्या माणसाला हे दार उघडं आहे. 'फ्रेंड्स'चा पहिला भाग दिग्दर्शित करणारे जेम्स बरोज 'चीअर्स'च्या तीन निर्मात्यांपैकी एक, आणि त्यांची टीव्हीवरची उमेदवारी झाली 'द मेरी टायलर मूर शो'मध्ये. असे धागे धरूनच पुढच्या पायऱ्या मांडल्या आहेत.

सोबत काय लागेल

- इंग्रजी सबटायटल. बोलणं वेगवान असतं, त्यात न्यूयॉर्क-बॉस्टनचे हेल. विनोद एका शब्दावर उभा असतो, तो निसटला की प्रसंग निसटतो.
- प्रत्येक भागाचं नाव, सीझन आणि मूळ प्रसारणाची तारीख असलेली यादी. ती विश्वकोशांच्या संकेतस्थळांवर सहज मिळते.
- मालिकेचं सुरू झाल्याचं वर्ष. शोधताना नावासोबत ते टाकाच. 'द ऑड कपल' १९७० चीही आहे आणि २०१५ चीही, 'वन डे अॅट अ टाइम' १९७५ ची आणि २०१७ ची, 'फ्रेझर' १९९३ ची आणि २०२३ ची.
- एक वही. श्रेयनामावलीत ओळखीचं नाव दिसलं की टिपून ठेवायला.

पायरी १ : हशा कुठून येतोय ते ओळखा

बहुतेक नवखे इथेच अडखळतात. "हे मागून हसतात ते सहन होत नाही" असं म्हणून मालिका बंद करतात. पण तो हशा दोन प्रकारचा असतो.

एक प्रकार खऱ्या प्रेक्षकांचा. समोर माणसं बसलेली आहेत, तीनचार कॅमेरे एकाच वेळी चालू आहेत, आणि नट सलग प्रसंग करत आहेत. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. मराठी नाटकाला जाणाऱ्याला ठाऊक असतं की लाफ्टर पडला की नट थांबतो, तो ओसरायला लागला की पुढचं वाक्य घेतो. इथेही तेच चालतं. सेटला तीनच भिंती आहेत असं समजून पाहा, सगळं जागेवर बसतं. 'चीअर्स'च्या सुरुवातीला तर एखादा नट सांगतोच की हे प्रेक्षकांसमोर चित्रित केलं आहे.

दुसरा प्रकार एका कॅमेऱ्यावर, सिनेमासारखं तुकड्यातुकड्यांनी चित्रित करून मागाहून हशा चढवलेला. 'द अँडी ग्रिफिथ शो', 'बिविच्ड', 'मॅश' या त्यातल्या. ध्वनितंत्रज्ञ चार्ल्स डग्लस यांनी साठवलेल्या हशांचं एक यंत्र बनवलं होतं. कळ दाबली की हवा तसा हशा. तेव्हाच्या असंख्य मालिकांत ते वापरलं गेलं.

फरक कानाला कळावा म्हणून १९७० च्या 'द ऑड कपल'चे दोन भाग पाठोपाठ पाहा, एक पहिल्या सीझनचा, एक दुसऱ्याचा. पहिला सीझन एका कॅमेऱ्यावर आणि यंत्राच्या हशावर आहे. दुसऱ्यापासून जॅक क्लगमन आणि टोनी रँडल प्रेक्षकांसमोर आले. दोघांच्या वाक्यांमधल्या जागा बदललेल्या दिसतील. नवख्यांना मी हा प्रयोग सगळ्यात आधी करायला सांगते.

पायरी २ : प्रत तपासा

पाहायला बसण्यापूर्वी दोन मिनिटं इथे द्या.

चित्राचा आकार: १९९० च्या दशकापर्यंत टीव्हीचं चित्र ४:३ असायचं, जवळजवळ चौकोनी. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसत असतील तर प्रत बरोबर आहे. तुमचा टीव्ही चित्र आपोआप ताणत असेल तर ते सेटिंग बंद करा. काही प्रतींत रुंद पडदा भरण्यासाठी चित्र वरून-खालून कापलेलं असतं. 'साइनफेल्ड'च्या रस्त्यावरच्या खड्ड्यावर बेतलेल्या भागात अशा कापाकापीत खड्डाच चित्राबाहेर गेला.

भागाची लांबी: अर्ध्या तासाच्या जागेत पन्नास-साठच्या दशकांतले भाग साधारण पंचवीस-सव्वीस मिनिटांचे असत. जाहिराती वाढत गेल्या तसे नव्वदीत बावीसवर आले. साठच्या दशकातला भाग एकवीस-बावीस मिनिटांत संपत असेल तर तो पुनःप्रक्षेपणासाठी छाटलेला असण्याची शक्यता दाट. बहुधा शेवटचा छोटा प्रसंगच गेलेला असतो.

संगीत: 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही १९७८ ची रेडिओ स्टेशनवरची मालिका. त्यात खरी गाणी वाजत. गाण्यांचे परवाने संपल्यावर काही प्रतींत त्या जागी भलतंच संगीत आलं. 'द बेव्हर्ली हिलबिलीज'च्या सुरुवातीच्या कितीतरी भागांचा अमेरिकेतला हक्क नूतनीकरण न झाल्यानं सुटला आहे, म्हणून ते स्वस्तात आणि फुकटात फिरतात. पण शीर्षकगीताचा हक्क शाबूत असल्यानं अशा प्रतींत ते गाणं अनेकदा नसतं. पहिल्यांदा पाहत असाल तर शीर्षकगीत असलेली प्रत शोधा, कारण सगळी कथाच त्या गाण्यात सांगितली आहे.

रंग: 'आय लव्ह ल्युसी' आणि 'द डिक व्हॅन डाइक शो'चे काही भाग नंतर रंगवले गेले. कृष्णधवलच पाहा. प्रकाशयोजना त्यासाठी केलेली आहे.

पायरी ३ : ल्युसीपाशी थांबा

इथे घाई करू नका. 'आय लव्ह ल्युसी' १५ ऑक्टोबर १९५१ ला सीबीएस वाहिनीवर सुरू झाली, आणि नंतरच्या मालिकांची घडी तिनंच घालून दिली.

त्या वेळी बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रसारित होत. दूरच्या शहरांना मिळे ती कायनस्कोप, म्हणजे टीव्हीच्या पडद्याचंच फिल्मवर घेतलेलं पुसट चित्रण. ल्युसिल बॉल आणि तिचा नवरा डेझी अर्नाझ यांना लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं. प्रायोजक सिगरेट कंपनीला पूर्वेच्या मोठ्या शहरांत पुसट चित्र नको होतं. मग मार्ग निघाला: ३५ मिलिमीटर फिल्मवर, एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी, प्रेक्षकांसमोर चित्रण करायचं. छायालेखनासाठी आले कार्ल फ्रॉइंड, ज्यांनी जर्मनीत 'मेट्रोपोलिस'सारखे मूकपट चित्रित केले होते. तीनही कॅमेऱ्यांना एकदम चालेल असा सपाट, सारखा प्रकाश त्यांनी बसवला. फिल्मचा खर्च जास्त, म्हणून बॉल-अर्नाझ यांनी मानधन कमी घेतलं आणि बदल्यात फिल्मची मालकी स्वतःकडे ठेवली. त्या मालकीवर त्यांची डेसिलू कंपनी उभी राहिली. ज्या आरकेओ स्टुडिओत ल्युसिल एकेकाळी करारावरची नटी होती, तो त्यांनी विकतही घेतला. १९६२ मध्ये अर्नाझचा हिस्सा घेऊन ती एकटी कंपनीची प्रमुख झाली. 'स्टार ट्रेक' सुरू झाली ती याच कंपनीतून.

हे ठाऊक असलं की पुढचे भाग वेगळ्या नजरेनं दिसतात. क्रमानं पाहा:

'ल्युसी डझ अ टीव्ही कमर्शियल' (५ मे १९५२): ल्युसी एका टॉनिकची जाहिरात करते, टॉनिकमध्ये मद्य आहे, आणि तालमीगणिक ती आणखी बरळत जाते. तिचा चेहरा पाहा. तेच वाक्य, दर वेळी नवं.

'जॉब स्विचिंग' (१५ सप्टेंबर १९५२): चॉकलेटचा कारखाना आणि सरकता पट्टा. इथे व्हिव्हियन व्हॅन्सकडेही लक्ष द्या. शेजारीण एथेल होणं सोपं नाही. दुसरीच्या गोंधळाला बरोबर मापानं साथ द्यायची असते. सहायक अभिनेत्रीचं एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं पारितोषिक, तिला मिळालं ते योग्यच.

'ल्युसी गोज टू द हॉस्पिटल' (१९ जानेवारी १९५३): ल्युसीला मुलगा होतो. त्याच दिवशी ल्युसिल बॉलला खरोखर मुलगा झाला. तेव्हा नवराबायकोचे पलंगसुद्धा पडद्यावर वेगळे असत, आणि गरोदरपणाचा सरळ इंग्रजी शब्द उच्चारायला वाहिनीची मनाई होती.

'एल. ए. अॅट लास्ट' (७ फेब्रुवारी १९५५): सिनेनट विल्यम होल्डन स्वतःच्याच भूमिकेत.

एवढे चार आवडले तर मग पहिल्या भागापासून सुरू करा. नाही आवडले तर पुढच्या पायरीवर या. ल्युसी तिथेच आहे.

पायरी ४ : मेरी टायलर मूरचा धागा

'द डिक व्हॅन डाइक शो' (१९६१ ते १९६६) एका विनोदी कार्यक्रमाच्या लेखकाची गोष्ट आहे. कार्ल रायनर स्वतः तसे लेखक होते. आधी त्यांनी स्वतःलाच नायक घेऊन एक नमुना भाग केला, तो चालला नाही. मग नायक डिक व्हॅन डाइक आला, आणि बायकोच्या भूमिकेत पंचविशीही न गाठलेली मेरी टायलर मूर. टीव्हीवरच्या गृहिणी तेव्हा फ्रॉक घालून झाडलोट करत. मेरीनं आखूड तंग पँट घालण्याचा आग्रह धरला. 'कोस्ट टू कोस्ट बिग माउथ' हा भाग पहिला पाहा. त्यात रायनर साहेबाच्या भूमिकेत आहेत आणि आपल्या केसांच्या टोपांशी बोलतात. मग 'दॅट्स माय बॉय??' पाहा, आणि त्याबद्दल आधी काहीही वाचू नका.

पुढचा टप्पा 'द मेरी टायलर मूर शो' (१९७० ते १९७७). मिनीआपोलिसच्या एका टीव्ही स्टेशनच्या वृत्तविभागात काम करणारी तिशीची अविवाहित मेरी. लेखकांना ती घटस्फोटित हवी होती. वाहिनीला धास्ती की लोकांना वाटेल तिनं डिक व्हॅन डाइकलाच सोडलं! म्हणून घटस्फोटाऐवजी तिचं ठरलेलं लग्न मोडलंय असं दाखवलं. ही मालिका मी सगळ्यांच्या वर ठेवते. इथे ऑफिसातली माणसं एकमेकांची होत जातात, आणि एड अॅस्नरचा लू ग्रँट ओरडतो तेव्हाही त्याची माया दिसते. पहिला भाग पाहाच, कारण तो अपवादानं उत्तम पहिला भाग आहे. मग सहाव्या सीझनमधला 'चकल्स बाइट्स द डस्ट' (२५ ऑक्टोबर १९७५). एका विदूषकाची अंत्ययात्रा आहे, एवढंच सांगते.

लू ग्रँट नंतर त्याच नावाच्या एका तासाच्या गंभीर मालिकेत गेला. तोच नट, तेच पात्र. अॅस्नरला एकाच पात्रासाठी विनोदी आणि गंभीर अशा दोन्ही गटांत एमी मिळालं.

पायरी ५ : बी आर्थर आणि बेटी व्हाइट, दोन वाटा एका घरात

'मेरी टायलर मूर'च्या चौथ्या सीझनमध्ये स्वयंपाकाचा कार्यक्रम करणारी, गोड हसणारी आणि पुरुषांवर डोळा असलेली सू अॅन येते. ती बेटी व्हाइट. तिला वहीत टिपा आणि आता दुसरीकडून या.

नॉर्मन लियर यांची 'ऑल इन द फॅमिली' १२ जानेवारी १९७१ ला सुरू झाली. क्वीन्समधला कामगार आर्ची बंकर वर्णद्वेषी आहे, हेकट आहे, आणि जावयाशी रोज भांडतो. (जावई म्हणजे रॉब रायनर, कार्ल रायनर यांचा मुलगा.) सावधान: आर्चीच्या तोंडी काळ्या, ज्यू, पोर्टो रिकन लोकांसाठी जे शब्द येतात ते आज कानाला बोचतात. तेव्हाही बोचावेत म्हणूनच लिहिले होते. व्हिएतनाम युद्ध आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची थोडी माहिती वाचून बसा, नाहीतर जेवणाच्या टेबलावरची निम्मी भांडणं डोक्यावरून जातील. ही फिल्मवर नाही, व्हिडिओटेपवर आहे, त्यामुळे चित्र कोरडं दिसतं. प्रत खराब नाही.

११ डिसेंबर १९७१ च्या भागात आर्चीची बायको ईडिथ हिच्या नात्यातली बहीण मॉड घरी येते आणि आर्चीला पुरून उरते. ती बी आर्थर. पुढच्याच वर्षी तिला स्वतःची 'मॉड' मिळाली. नोव्हेंबर १९७२ मधला दोन भागांचा 'मॉड्स डिलेमा' गर्भपाताच्या निर्णयावर आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा त्याबद्दलचा निकाल जानेवारी १९७३ मध्ये आला, म्हणजे भागानंतर. हा भाग लिहिला सुसान हॅरिस यांनी, आणि मॉडची शेजारीण झाली होती रू मॅक्लॅनहॅन.

आता १९८५. सुसान हॅरिस 'द गोल्डन गर्ल्स' निर्माण करतात: मायामीच्या एका घरात राहणाऱ्या चार उतारवयातल्या बायका. बी आर्थर, बेटी व्हाइट, रू मॅक्लॅनहॅन, एस्टेल गेटी. आधी बेटीला चवचाल ब्लांच आणि रूला भोळी रोझ द्यायचं ठरत होतं, कारण आधीच्या मालिकांत दोघींनी साधारण तशीच पात्रं केली होती. दिग्दर्शक जे सँड्रिच यांनी अदलाबदल सुचवली. सू अॅन पाहून आलेल्याला रोझचं भाबडेपण बघताना दुप्पट मजा येते, आणि म्हणूनच हा क्रम सांगते आहे. एस्टेल गेटी बी आर्थरची आई होते. प्रत्यक्षात ती तिच्याहून वर्षभरानं लहान होती. चौघींनाही एमी मिळालं.

पायरी ६ : जिथे क्रम मोडायचा नाही

वरच्या मालिकांत भाग मागेपुढे केले तरी चालतं. कोरियन युद्धातल्या अमेरिकन लष्करी इस्पितळावरच्या 'मॅश'मध्ये तसं करू नका. कोरियन युद्ध तीन वर्षं चाललं, ही मालिका अकरा (१९७२ ते १९८३). तिसऱ्या सीझनच्या शेवटी इस्पितळाचा प्रमुख झालेला मॅकलीन स्टीव्हन्सन जातो. १८ मार्च १९७५ चा तो भाग. त्याच्या शेवटाबद्दल आधी शोधू नका. खुद्द बहुतेक नटांनाही शेवटचं पान ऐन चित्रणाच्या वेळी मिळालं होतं. त्यानंतर येणारा कर्नल पॉटर म्हणजे हॅरी मॉर्गन. तिसऱ्या सीझनमध्ये तोच एका विक्षिप्त सेनापतीच्या भूमिकेत दिसतो, त्यामुळे गोंधळू नका, ती दोन वेगळी पात्रं आहेत. डीव्हीडीवर हशा बंद करण्याची सोय आहे. ती वापरा. शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत निर्मात्यांनी मुळातच हशा येऊ दिला नव्हता. २८ फेब्रुवारी १९८३ चा अडीच तासांचा शेवट अमेरिकेत दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. तो सगळ्यात शेवटीच.

'चीअर्स'ही सुरुवातीपासून घ्या. बॉस्टनचा बार, बारमालक सॅम आणि वेट्रेस डायन. 'कोच' नावाचं पात्र करणारे निकोलस कोलासान्टो १९८५ मध्ये वारले, मग वुडी हॅरलसन आला. १९८७ मध्ये डायन झालेली शेली लाँग मालिका सोडून गेली, कर्स्टी अॅली आली. तिसऱ्या सीझनमध्ये आलेला केल्सी ग्रॅमरचा फ्रेझर पुढे स्वतःची मालिका घेऊन २००४ पर्यंत टिकला.

पायरी ७ : चेहरे बदलले तर घाबरू नका

'बिविच्ड'मध्ये १९६९ पासून नवरा डॅरिन वेगळाच दिसतो. डिक यॉर्क आजारपणामुळे गेला आणि डिक सार्जंट आला. मालिकेत खुलासा नाही. 'अँडी ग्रिफिथ'मध्ये उलट: डॉन नॉट्सचा हवालदार बार्नी पहिल्या पाच, कृष्णधवल सीझनपुरताच नेहमीचा. रंग आला तेव्हा तो पाहुणा झाला. आधी कृष्णधवल पाहा. त्यातला लहानगा ओपी म्हणजे रॉन हॉवर्ड, पुढे 'हॅपी डेज'चा रिची आणि नंतर ऑस्कर मिळवणारा दिग्दर्शक. वहीत त्याला वेगळं पान द्या.

पायरी ८ : बॉब न्यूहार्टच्या दोन मालिका, याच क्रमानं

पहिली 'द बॉब न्यूहार्ट शो' (१९७२ ते १९७८): शिकागोचा मानसशास्त्रज्ञ, बायको एमिलीच्या भूमिकेत सुझन प्लेशेट. याच नावाचा १९६१ चा वेगळा कार्यक्रम आहे, तो नव्हे. दुसरी 'न्यूहार्ट' (१९८२ ते १९९०): व्हर्माँटमध्ये खानावळवजा विश्रामगृह चालवणारा लेखक. दोन्हींचा कथेनं काही संबंध नाही, तरी दुसरीचा शेवट पाहण्याआधी पहिलीचे निदान दहाबारा भाग पाहून ठेवा. न्यूहार्ट अडखळत, थांबत बोलतो. त्याची ती लय अंगवळणी पडायलाही तेवढे भाग लागतात. 'न्यूहार्ट'चा शेवटचा भाग २१ मे १९९० ला प्रसारित झाला. त्याचा सारांश वाचू नका, छोटी चित्रफीत कुणी पाठवली तर उघडू नका, आणि पहिली मालिका ज्याच्यासोबत पाहिली त्याच माणसाला त्या दिवशी शेजारी बसवा.